प्रत्येक विहीर म्हणजे आड नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या शब्दकोड्यात ‘विहीर (२)’ एवढीच सूचना होती आणि उत्तर आले ‘आड’. ‘इकडे आड, तिकडे विहीर’ असे आपण म्हणतो ते दोन्ही वेगळे म्हणूनच.

आड तोंडाला अरुंद आणि पोटात खोल. आत उतरायला पायऱ्या नसतात. काठावर उभे राहून रहाटावरून दोर सोडायचा, पोहरा बुडला की पाणी शेंदायचे. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ ही म्हण त्यातूनच आली. विहीर ऐसपैस, शेतात असली तर तिच्यावर मोट चाले. पायऱ्यांनी पाण्यापर्यंत जाता येते ती बारव. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या चौकात असे तो आड. आडाला विहीर म्हटले तर चालून जाईल, पण नुसती ‘विहीर’ म्हटल्यावर आड सुचावा, ही अपेक्षा चुकीची आहे.

शिवाय दोन घरांत ‘कूप’ बसतो, ‘बाव’ही बसते. छेद देणारा उभा शब्द अडला, की सोडवणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे सूचनेतच लिंग दाखवणे. ‘वाड्याच्या चौकातला, पोहऱ्याने उपसायचा (२)’ असे लिहिले की ‘बाव’ स्त्रीलिंगी म्हणून गळते. ‘कूप’ पुल्लिंगी खरा, पण वाड्यातल्या बोलण्यात तो शब्द कोणी वापरत नाही. सूचनेची भाषा जशी बोलीची किंवा संस्कृत वळणाची, तसेच उत्तर असावे. हा संकेत फार मोलाचा आहे आणि तोच वारंवार मोडला जातो.

‘आड’ला दुसराही अर्थ आहे: मागे, नजरेपलीकडे (डोंगराआड, पडद्याआड), किंवा मधला एक सोडून (दिवसाआड). दोन्ही अर्थ एकत्र गुंफले तर सूचना खुलते. उदाहरणार्थ, ‘याच्यात पाणी असते, टंचाईत मात्र पाणी दिवसा—— येते (२)’. ही पुणेकराला समजावून सांगावी लागणार नाही. नवशिक्यांसाठी ‘इकडे ——, तिकडे विहीर (२)’ पुरे.

घरे मोजण्यातही चुका होतात. एका घरात एक पूर्ण अक्षर, काना-मात्रा आणि जोडाक्षरासह. ‘पोहऱ्यात’ची घरे चार: पो, ह, ऱ्या, त. ‘कूप’मधला कू दीर्घ, म्हणून छेदणाऱ्या शब्दातही तो दीर्घच हवा. ‘कुमार’चा कु तिथे लावून चालणार नाही.

दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात भागांत याच शहरातून निघाला. त्यात शब्दाचे लिंगही दिलेले असते. कोडे छापण्याआधी संदिग्ध शब्द त्यात पाहावेत आणि उत्तरांच्या चौकटीखाली अशा शब्दांचा अर्थ एका ओळीत द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे