माझ्या सिनिअर मॅडमना, सगळ्यांसमोर

मॅडम,

तुमचं नाव इथं लिहीत नाहीये, कारण तुम्हाला ते अजिबात चालणार नाही. नागपूर खंडपीठात ज्यांची रोजची ये-जा आहे ते ओळखतील, ओळखू द्या. मागच्या आठवड्यात स्वतःची वकिली सुरू करायला तुमच्या ऑफिसमधून निघताना मला नीट बोलताच आलं नाही, गळा दाटून आला, आणि तुम्ही नेहमीसारखं "हो हो, जा आता, उशीर होऊन राहिला" म्हणून विषय संपवला. म्हणून हे लिहितेय.

तुम्हाला तो दिवस आठवतही नसेल. जातवैधतेचा मॅटर होता, एका विद्यार्थिनीचा, समितीने दावा फेटाळलेला आणि अ‍ॅडमिशनची शेवटची तारीख डोक्यावर. पिटिशन मी ड्राफ्ट केली होती, तिच्या पणजोबांच्या शाळेतला दाखल-खारीज रजिस्टरचा १९५० च्या आधीचा, जातीची नोंद असलेला उतारा मीच शोधून लावला होता. बेंचने नेमकं त्याच उताऱ्याबद्दल विचारलं, तर तुम्ही म्हणालात की हे ज्यांनी तयार केलंय त्याच सांगतील, आणि बाजूला सरकलात. मी बोलले. अंतरिम दिलासा मिळाला. पण मला जे जन्मभर पुरेल ते त्याच्यानंतर झालं. दुसऱ्या कोर्टात आपला मॅटर कोणत्याही क्षणी पुकारणार होते, क्लार्क दारातून हात करून बोलावत होता, आणि तुम्ही ऑर्डर लिहून घेणाऱ्या स्टेनोजवळ थांबून, वाकून, त्यांना माझं आडनाव एकेक अक्षर करून सांगितलं, त्यांनी काय लिहिलं ते बघितलं, एक अक्षर चुकलं होतं ते दुरुस्त करून घेतलं आणि मगच निघालात. संध्याकाळी वेबसाईटवर ऑर्डर आली, त्यात वकिलांच्या नावांत माझं नाव, बरोबर लिहिलेलं. ते पान मी चंद्रपूरला आईला पाठवलं. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण लेकीचं नाव ओळखू आलं.

लोकांना वाटेल यात काय एवढं. ज्यांनी माझं आधीचं ऑफिस पाहिलंय त्यांना विचारा. तिथं मी रात्र-रात्र जागून ड्राफ्ट लिहायची आणि सकाळी ते साहेब पक्षकारासमोर "मी काल बसून लिहिलं" म्हणायचे, मी तिथंच फाइल धरून उभी. वकीलपत्रावर माझी सही नको, ऑर्डरमध्ये नाव नको. एप्रिलच्या दुपारी, जेव्हा नागपुरात कुत्रं पण सावली सोडत नाही, त्यांच्या मुलाला ट्यूशनवरून आणायला मी माझ्या गाडीने जायची, पेट्रोल माझं. पैशाचं विचारलं तर एकच उत्तर, "शिकून राहिली ना तू, तीच फी समज." बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्क्युलर काढलं की ज्युनिअरला शहरात महिन्याला किमान २०,०००, ग्रामीण भागात १५,००० द्यावेत, तर ते मोबाईलवर वाचून बाजूला ठेवलं, कारण ती शिफारस आहे, सक्ती नाही. आणि सोडते म्हटल्यावर, "या बारमध्ये तुला कोण घेते ते पाहतोच."

ही धमकी खरी वाटते हो, कारण ज्युनिअरला आधार काय असतो? वकिलाला प्रॅक्टिस चालू ठेवून फुल टाइम पगारी नोकरी करता येत नाही, त्यामुळे ज्युनिअर काही कुणाचा कर्मचारी नाही. अपॉइंटमेंट लेटर नाही, पीएफ नाही, तक्रार करायला एचआर नाही. बहुतेकांकडे फक्त सिनिअरचा शब्द असतो, आणि तो माणूस कसा निघतो त्यावर पोराची पाच-सात वर्षं ठरतात. तुमच्या हातात माझ्यावर तेवढीच सत्ता होती मॅडम, जेवढी त्यांच्या हातात होती. तुम्ही ती कधी वापरलीच नाही. तुमच्याकडे आले तेव्हापासून माझे पैसे महिन्याच्या सुरुवातीला बँकेत जमा व्हायचे, मला कधी मागावे लागले नाहीत. संध्याकाळी पक्षकार गेल्यावर कितीही काम असो, केबिनचं दार उघडं. अकोल्याला तारखेला पाठवलं की भाडं आधी हातात, आणि रात्री "पोहोचली का" म्हणून फोन.

अजून एक सांगते. मी आल्यानंतर काही महिन्यांनी आधीच्या ऑफिसच्या एका पक्षकाराविरुद्धचा मॅटर आपल्याकडे आला. त्या माणसाची अर्धी कुंडली मला माहिती होती, मीच त्याची फाइल सांभाळायची. मला त्या साहेबांचा इतका राग होता की तुम्ही एक शब्द विचारला असता तर मी सगळं सांगून बसले असते. तुम्ही मला आत बोलावून म्हणालात, या फाइलला तू हात लावायचा नाही, त्याच्याबद्दल तुला जे ठाऊक आहे ते माझ्यापर्यंत पण येता कामा नये. पक्षकाराने वकिलाला सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवायची, हे मी कॉलेजात पुरावा कायद्याचं कलम १२६ म्हणून पाठ केलं होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात ते १३२ झालं. समजलं मात्र त्या दिवशी. शेवटी तो मॅटर तुम्ही घेतलाच नाही, चांगली फी होती तरी.

आणि आता मी स्वतःचं काम सुरू करते म्हटल्यावर तुम्ही रागावाल अशी भीती होती, खोटं कशाला बोलू. तुम्ही पेन काढला आणि ज्या पक्षकारांचं काम मीच बघत होते त्यांची यादी करायला बसलात. म्हणे त्यांना आपण दोघी मिळून विचारू, ज्यांना तुझ्याकडे यायचं असेल त्यांना मी एनओसी देते, वकील बदलायला माझी हरकत नाही म्हणून. असा सिनिअर मी तरी दुसरा पाहिला नाही. चांगले असतात, नाही म्हणत नाही, मोठमोठे वकील याच बारमध्ये कुणाच्या तरी हाताखाली बसूनच झालेत. पण ज्यांना चांगला सिनिअर मिळत नाही ती हुशार पोरं दोन वर्षांत काळा कोट खुंटीला टांगून बँकेच्या परीक्षेला बसतात, माझ्या बॅचची कितीतरी गेली, आणि ते पाहून जीव तुटतो.

येत्या रविवारी सकाळी नव्या ऑफिसमध्ये छोटीशी पूजा आहे, नंतर तर्री-पोहे. आई शनिवारीच येऊन राहिली, तिला तुम्हाला भेटायचंय. कामं असतील, तरी पण या. नाही आलात तर आम्ही दोघी डबा घेऊन तुमच्या घरी येऊ.

तुमची ज्युनिअर