आम्ही गावाला गेल्यावर मांजरांना खायला घालायला येणाऱ्या मावशींना आत सोडण्याबाबत

दि. ५ जानेवारी २०२६

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारी समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
नागाळा पार्क, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार.

नोटीस बोर्डावरचा नवा कागद वाचला. सदनिकाधारक घरी नसताना बाहेरच्या कोणालाही इमारतीत प्रवेश नाही आणि ज्यांच्या घरी प्राणी आहेत त्यांनी परगावी जाताना त्यांची सोय बाहेर करावी, असं त्यात आहे. पलीकडच्या गल्लीत बंद फ्लॅट फुटल्यापासून सगळेच धास्तावलेत. वॉचमनला काहीतरी ठरवून द्यायला हवं होतं, हे मलाही पटतं. पण या नियमानं आमच्या घरातली एक गोष्ट कायमची बंद होते, ती म्हणजे आम्हा दोघांचं जोडीनं कुठं जाणं. ते आपल्यासमोर नीट मांडावं म्हणून हे पत्र.

आमच्याकडं काकवी आणि भैरू अशी दोन मांजरं आहेत. काकवी पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका गुऱ्हाळावर मिळाली. चुलवाणाजवळच्या उबेला एवढंसं पिल्लू बसलं होतं, रंगही काकवीचाच, म्हणून तेच नाव पडलं. भैरू तर आपल्याच सोसायटीचा. २०१९ चा पूर ओसरल्यावर खालच्या मीटर बॉक्सवर चिखलानं माखून बसलेला होता. तेव्हाच्या समितीतल्या काहींनी त्याला पाहिलेलंही आहे. दोघांचीही नसबंदी झाली आहे, लसी दरवर्षी होतात. बाल्कनीला आम्ही स्वखर्चानं जाळी मारली आहे आणि दोघंही जिन्यात कधी येत नाहीत. जिन्यात वास येतो अशी तक्रार आहे असं कानावर आलं. कुणीही, कधीही, न सांगता आमच्या दारात यावं आणि स्वतः खात्री करावी. चहाही होईल.

आता आमच्या फिरण्याबद्दल. ह्यांना फिरण्याची हौस पहिल्यापासून. लग्न झालं तेव्हा खिशात फारसं काही नव्हतं, तरी रविवारी जोतिबा, नाहीतर नरसोबाची वाडी, खिद्रापूर, असं एसटीनं फिरवायचे. मांजरं आली आणि हे थांबलं. थांबलं म्हणजे एकेकटं सुरू झालं. हे सावंतवाडीला भावाकडं गेले की मी घरी, मी गडहिंग्लजला माहेरी गेले की हे घरी. दिराच्या घरी वास्तुशांत होती, तिथं मी नव्हते. माझ्या भाचीच्या लग्नात जावई का आले नाहीत, हे मी मांडवभर सांगत फिरले. घरात मांजर आहे म्हणून जावई लग्नाला आले नाहीत, हे कुणाला पटतं का? पण ते खरं होतं.

मांजरांना सोबत का नेत नाही, असं आपल्यापैकी काहींनी विचारलं होतं. काकवीला आम्ही टोपलीत घालून आंबोलीमार्गे सावंतवाडीला नेऊन पाहिलं आहे. आजऱ्याच्या पुढं ती ओरडायला लागली, घाटात दोनदा ओकली. तिथं गेल्यावर कॉटखाली जी शिरली ती परतायच्या दिवशीच बाहेर आली, आणि तोवर अन्नाला तोंड लावलं नाही. कुत्रं माणसाच्या मागं कुठंही जातं. मांजराचा जीव मात्र जागेत असतो. ओळखीचा कोपरा, ओळखीचा वास, खिडकीतून दिसणारी तीच कावळ्यांची फांदी, एवढ्यावर त्याचा धीर टिकतो. रेल्वेत न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्यावा लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. पहिलं आम्हाला परवडत नाही आणि दुसऱ्याला मन धजत नाही.

नोटिशीत म्हटलेली 'बाहेरची सोय', म्हणजे पैसे भरून मांजरं कुठंतरी ठेवून जाणं, त्यातही हीच अडचण. परक्या जागी पिंजऱ्यात, शेजारी कुत्री भुंकत असताना बरीच मांजरं खाणंच सोडतात. आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे की मांजर दोन-तीन दिवस पोटात काही न घेता राहिलं तर यकृतात चरबी साठायला लागते आणि ते जिवावर बेतू शकतं. अंगानं भरलेल्या मांजराला हा धोका जास्त. आमचा भैरू चांगलाच भरलेला आहे. ताटलीत चार दिवसांचं खाणं ओतून कुलूप लावणंही चालत नाही. मांजर जेवतंय की नाही, लघवीला जातंय की नाही, हे रोज कुणीतरी डोळ्यांनी बघावं लागतं. बोक्याची लघवी अडली तर एक-दोन दिवसांतच परिस्थिती हाताबाहेर जाते.

म्हणून मावशी. त्या पूर्वी चौथ्या मजल्यावरच्या काकूंकडं कामाला होत्या, त्यामुळं इमारतीला नव्या नाहीत. आम्ही नसलो की सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला येतात, अर्धा तास थांबतात. आम्ही फ्रिजवर कागद चिकटवून जातो. कुणाला किती खाणं, पाणी दोन ठिकाणी, डॉक्टरांचा नंबर, आणि ह्यांच्या मोठ्या अक्षरात : 'भैरूला दूध द्यायचं नाही, कितीही ओरडला तरी.' मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचत नाही, आणि मावशींना त्याची दया येते. लिटर, म्हणजे मांजरांच्या शी-शूची वाळू, रोज काढून पिशवीला गाठ मारून त्या कचऱ्याच्या गाडीतच टाकतात, खालच्या डब्यात नाही.

आमच्याकडं बॅग भरणं हाही एक सोहळा असतो. माळ्यावरून बॅग निघाली की काकवीला कळतं. उघड्या बॅगेत, इस्त्रीच्या कपड्यांवर ती जाऊन बसते आणि उठवलं की पुन्हा येते. म्हणून आम्ही दार लावून आदल्या रात्री भरतो. हे कपडे घड्या करून देतात, मी लावते. निघताना मी माझी एक वापरलेली, न धुतलेली साडी पलंगावर ठेवते. परत आल्यावर त्या साडीवर दोघांचे केस असतात. गेल्या हिवाळ्यात आम्ही हंपीला गेलो होतो. संध्याकाळी तुंगभद्रेच्या काठी बसलो असताना मावशींचा व्हिडिओ कॉल आला, काकवी फोनला नाक लावून हुंगत होती. हे इतक्या वेळानं मोकळं हसले. त्याआधी दिवसभर देवळं बघत होते, पण लक्ष घरी होतं, ते मला त्यांच्या चालण्यावरून कळत होतं. तो फोन झाला आणि मग आम्ही खरे फिरायला लागलो. वयाच्या या टप्प्यावर नवरा-बायकोला असे दिवस मिळणं किती मोलाचं असतं, हे समितीतल्या ज्येष्ठांना मी काय सांगावं!

शिवाय कोल्हापूरच्या माणसाला आणखी एक कारण आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आम्ही सासूबाईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पुण्यात होतो. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, रस्ता दिवसचे दिवस बंद. आपल्या पार्किंगमध्ये पाणी, लाईट नाही, उपसा केंद्रं बुडाल्यामुळं नळाला पाणी नाही. काकवी तिसऱ्या मजल्यावर एकटी होती. चौथ्या मजल्यावरच्या काकूंकडं आमची किल्ली होती म्हणून ती वाचली. टँकरचं पाणी वर चढवून त्यांनी आधी स्वतःची घागर भरली आणि मग आमच्या मांजराची वाटी. काकू आता मुलाकडं राहायला गेल्या. पूर मात्र २०२१ मध्ये पुन्हा आला आणि पुढंही येईल. आपल्या गावात परतीचा रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही, म्हणून बंद घराची किल्ली विश्वासातल्या एका माणसाकडं असणं आणि त्या माणसाला आत येता येणं, हे जिथं घरात जीव आहे तिथं आवश्यकच आहे. माणसांच्या बाबतीतही हेच. उद्या कुणाचे अंथरुणाला खिळलेले वडील घरी असतील आणि मुलगा परगावी अडकला, तर हाच नियम त्यांनाही आडवा येईल.

सुरक्षिततेसाठी समिती म्हणेल ते करायला आम्ही तयार आहोत. मावशींच्या आधार कार्डाची झेरॉक्स आणि फोटो गेटवर ठेवावा, येण्याजाण्याची वेळ रजिस्टरमध्ये सहीसह लिहावी. पोलीस ठाण्यात त्यांची माहिती देऊन पडताळणी करून घेतो, तो खर्च आमचा. आम्ही कधी निघणार, कधी येणार हे लेखी कळवू आणि त्या दिवसांपुरताच प्रवेश मागू. वॉचमनला शंका आली तर त्यांनी थेट मला फोन करावा, मध्यरात्री केला तरी उचलेन. फक्त एकच व्यक्ती, नावानिशी, ठरलेल्या वेळी. ज्यांच्या घरी प्राणी आहेत त्या सगळ्यांना हीच पद्धत लागू करावी. नाहीतर लोक चोरून कुणालातरी आत घेतील आणि गेटवर नोंदही राहणार नाही.

नोटिशीच्या शेवटच्या ओळीबद्दल थोडं. पार्किंगमधली मांजरं पकडून लांब सोडावीत, असा विचार आहे म्हणे. कृपया असं करू नये. उपासमार होईल अशा ठिकाणी प्राणी नेऊन सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. शिवाय उपयोगही होत नाही. एक जागा रिकामी झाली की दुसरी मांजरं येतात आणि दरम्यान उंदीर गाड्यांच्या वायरी कुरतडतात. नसबंदी करून तीच मांजरं ठेवली तर संख्या वाढत नाही. त्यासाठी वर्गणी काढली तर पहिली आमची. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनाही समितीनं ठराव करण्याआधी नजरेखालून घालाव्यात. त्या मुख्यतः कुत्र्यांबद्दल आहेत, पण बहुमत असलं तरी सोसायटीला प्राणी पाळण्यावर बंदी घालता येत नाही, हे त्यात स्पष्ट आहे. कायद्याचा धाक घालावा म्हणून हे लिहीत नाही. आपण सगळे इथंच, एका जिन्यानं चढणारी माणसं आहोत. उद्या कागदावरून वाद होऊ नये एवढीच इच्छा.

१४ फेब्रुवारीचं आमचं हरिप्रिया एक्सप्रेसचं तिकीट आहे, तिरुपतीला. लग्नाच्या वेळी बोललेला नवस जोडीनं फेडायचा राहिला आहे आणि ह्यांचे गुडघे आता पुढच्या वर्षाची वाट बघतील असं वाटत नाही. तरी त्याआधीच्या सभेत हा विषय घ्यावा, ही नम्र विनंती. मावशींना घेऊन मी स्वतः सभेला येईन. त्यांच्या कागदपत्रांच्या प्रती, दोन्ही मांजरांची लसीकरणाची कार्डं आणि नसबंदीचे दाखले सोबत जोडले आहेत. पोच मिळावी.

आपली,
सदनिका क्र. ३०२ मधील रहिवासी