तक्रार: 'अस्सल, युद्धकालीन' म्हणून विकलेल्या पॅरा बेरेट टोप्यांच्या चुकीच्या तारखा आणि सदोष पॅकिंग

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: तीन बेरेट टोप्यांचे दिशाभूल करणारे वर्णन, खराब पॅकिंग आणि 'बलिदान' बिल्ल्याची भेट

महोदय/महोदया,

सोबतच्या पावतीप्रमाणे आम्ही आपल्याकडून छत्रीधारी सैनिकांच्या तीन बेरेट टोप्या घेतल्या. ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटची '१९४४, आर्नेम' (दुसऱ्या महायुद्धातली नेदरलँड्समधली लढाई), फ्रेंच छत्रीधारी दलाची 'अल्जेरिया युद्ध' आणि अमेरिकेच्या ८२व्या एअरबोर्न डिव्हिजनची '१९७४'. तिन्हींच्या वर्णनात 'अस्सल, त्याच काळात सैनिकाला दिलेली' अशी हमी आहे. ही हमी एकाही टोपीच्या बाबतीत खरी ठरत नाही. ब्रिटिश आणि अमेरिकन टोप्या लष्करीच आहेत, हे आम्हालाही मान्य आहे. पण साधी वापरलेली मरून (छत्रीधारी सैनिकांच्या गडद तांबड्या रंगाची) बेरेट आणि १९४४ची बेरेट यांच्या किमतीत जो फरक असतो, तो सगळा तारखेचा असतो. आपण ती तारीखच चुकीची लावली आहे.

ब्रिटिश टोपीची किंमत सर्वाधिक, म्हणून आधी तिच्याविषयी. आतल्या लेबलावरची छपाई कुणीतरी घासून काढली आहे. तरी लेबलावर तिरका उजेड टाकला की '८४०५-९९' हे आकडे वाचता येतात. हा नाटोचा साठा क्रमांक आहे. ८४०५ हा पुरुषांच्या बाह्य कपड्यांचा वर्ग, ९९ हा ब्रिटनचा संकेतांक. नाटोची स्थापनाच १९४९ची, मग आर्नेमच्या लढाईतल्या टोपीत हा क्रमांक येणार कुठून? त्याच लेबलावर माप '५७' असे सेंटिमीटरमध्ये आहे. युद्धकाळातल्या ब्रिटिश बेरेटवर माप इंचांत, अपूर्णांकासह असते, उदाहरणार्थ ६ ७/८ किंवा ७ १/८. जोडीला उत्पादकाचे नाव, साल आणि सरकारी मालाची बाणाची खूण असते. इथे यातले काहीच नाही.

बिल्ल्याची गोष्ट याहून गंभीर आहे. पंख, उघडलेले पॅराशूट, वर मुकुट आणि त्यावर सिंह, ही रचना बरोबर आहे. मुकुट गोल कमानीचा, म्हणजे ट्यूडर आहे. राणी एलिझाबेथ (दुसऱ्या) यांच्या काळातला मुकुट मधोमध खाली दबलेला असे. त्यामुळे गोल कमान दिसली की बिल्ला त्यांच्या आधीचा, असा ठोकताळा संग्राहक वर्षानुवर्षे वापरत आले. राजे चार्ल्स यांनी २०२२मध्ये पुन्हा ट्यूडर मुकुट स्वीकारला आणि हा ठोकताळा निकालात निघाला. आज नव्याने बनणाऱ्या बिल्ल्यांवरही तोच मुकुट येतो. म्हणून आता मुकुटाआधी धातू पाहावा लागतो. युद्धकाळातला साध्या सैनिकाचा बिल्ला 'व्हाइट मेटल'चा (चांदीसारख्या दिसणाऱ्या मिश्रधातूचा), हाताला वजनदार आणि काळाबरोबर पिवळट-करडा पडणारा. आपण पाठवलेला ॲनोडाइज्ड, म्हणजे वर विजेच्या प्रक्रियेने थर चढवलेल्या ॲल्युमिनियमचा आहे. तो अगदी हलका आहे आणि त्याची चकाकी पुढून-मागून सारखीच आहे. असे बिल्ले ब्रिटिश सैन्यात सर्रास आले ते युद्धानंतर.

आमच्या पहिल्या ईमेलला आपल्या प्रतिनिधीने उत्तर दिले की बिल्ल्याला चुंबक चिकटत नाही आणि कापड अतिनील टॉर्चखाली चमकत नाही, म्हणून माल जुना आहे. या दोन्ही चाचण्यांमधून इथे काहीच सिद्ध होत नाही. चुंबक व्हाइट मेटललाही चिकटत नाही आणि ॲल्युमिनियमलाही. अतिनील प्रकाशात निळसर-पांढरे चमकते ते कापडातले किंवा धुण्याच्या पावडरीतले चकाकी आणणारे रसायन. ते न लावलेली लोकर कालची असली तरी चमकणार नाही. या चाचणीचा उपयोग उलट दिशेने होतो. जुन्या म्हणवल्या जाणाऱ्या लेबलाचा धागा लखलखला तर संशय घ्यायचा, आणि तोही टोपी मध्ये कधी धुतली गेली असेल ही शक्यता धरूनच.

फ्रेंच टोपीचा दोष तर फोटोतच दिसायला हवा होता. फ्रेंच छत्रीधारी सैनिक बेरेट डावीकडे ओढतात आणि बिल्ला उजव्या बाजूला लावतात. ब्रिटिश पद्धत याच्या बरोबर उलटी. आपल्या टोपीवर कड्यातला पंखधारी, खंजीर धरलेला हात हा फ्रेंच बिल्ला डावीकडे आहे, आतला कडक अस्तराचा तुकडाही डावीकडेच शिवलेला आहे आणि हवेची दोन भोके उजवीकडे आहेत. म्हणजे ब्रिटिश धाटणीच्या टोपीवर फ्रेंच बिल्ला टोचला आहे.

अमेरिकन टोपीचे लेबल शाबूत आहे आणि त्यावरच उत्तर छापलेले आहे. कंत्राट क्रमांक 'डीएलए१००-८३' असा सुरू होतो. अमेरिकी सैन्याला माल पुरवणाऱ्या डिफेन्स सप्लाय एजन्सीचे नाव डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सी झाले ते १९७७मध्ये. त्याआधीच्या कंत्राटांवर 'डीएसए' असते आणि पुढचे दोन आकडे आर्थिक वर्षाचे. टोपी १९८३च्या कंत्राटातली आहे. छत्रीधारी तुकड्यांना मरून बेरेटची अधिकृत परवानगी नोव्हेंबर १९८०मध्ये मिळाली. १९७३ ते १९७९ या काळात ती स्थानिक सेनाधिकाऱ्यांच्या मुभेवर वापरली जात होती. त्या अनधिकृत काळातल्या टोप्या महाग विकल्या जातात, आणि '१९७४' लिहिण्याचे दुसरे कारण आम्हाला दिसत नाही.

पॅकिंगमध्ये तिन्ही टोप्या मधोमध दुमडून, डांबरगोळ्यांसह एकाच प्लास्टिक पिशवीत कोंबल्या होत्या. फ्रेंच टोपीत कसरीच्या जिवंत अळ्या निघाल्या, त्यामुळे बाकीच्या दोघींनाही धोका झाला. टोपीच्या कडेच्या कातडी पट्टीला बिल्ल्याचा पितळी भाग जिथे टेकला होता, तिथे हिरवा मेणचट थर आला आहे. कातड्यातले तेल आणि तांबे यांच्या संयोगातून तो येतो. टोपीत आम्लमुक्त कागद भरून, बिल्ला काढून वेगळा गुंडाळून, प्रत्येक नग स्वतंत्र खोक्यात पाठवायला हवा होता. आपल्या गोदामातला उरलेला लोकरी माल हवाबंद पिशव्यांत घालून उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका. नाहीतर थंड लोकरीवर दव धरून बुरशी येईल, पावसाळ्यात तर हमखास.

आणखी एक बाब आम्हाला मनापासून खटकली. खोक्यात 'मोफत भेट' म्हणून 'बलिदान' बिल्ला होता, तोही बेरेटवर लावण्याच्या सूचनेसह. तो भारतीय पॅराशूट रेजिमेंटच्या विशेष दलाचा बिल्ला आहे. तो छातीवर लावतात, बेरेटवर नाही, आणि तो सैनिकाने कमवायचा असतो. याच रेजिमेंटच्या २ पॅरा या तुकडीची मुळे मराठा लाइट इन्फंट्रीत आहेत आणि ११ डिसेंबर १९७१ला, बांगलादेश युद्धात, तिने तांगाईलवर (आता बांगलादेशात) पॅराशूटने उडी घेतली. सेवेत असलेल्या दलाची अशी खूण वस्तूंसोबत वाटणे ताबडतोब थांबवा.

आमच्या मागण्या अशा. ब्रिटिश आणि फ्रेंच टोप्यांची पूर्ण रक्कम परत करावी आणि परतीचे कुरिअर आपल्या खर्चाने न्यावे. अमेरिकन टोपी आम्ही ठेवू, मात्र १९८३च्या टोपीचा वाजवी भाव धरून फरक परत मिळावा. तिन्ही वर्णने दुरुस्त करावीत. यापुढे प्रत्येक टोपीच्या वर्णनात लेबल, कातडी पट्टी आणि बिल्ल्याची मागची बाजू यांचे स्पष्ट फोटो असावेत. ज्याने लेबल घासले त्या पुरवठादाराचा उरलेला माल तपासून होईपर्यंत विक्रीतून काढावा.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू.

आपले,
(सह्या)
बेरेट संग्राहक, पुणे

सोबत: पावतीची प्रत, विक्रीपानाचे स्क्रीनशॉट, तिन्ही लेबलांचे तिरक्या उजेडातले फोटो, बिल्ल्याच्या दोन्ही बाजूंचे आणि वजनकाट्यावरचे फोटो, अळ्यांचा आणि पॅकिंगचा व्हिडिओ, आपल्या प्रतिनिधीचा ईमेल.