टाकीत स्पार्क टेस्टर धरायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही रिटायर होऊन गावी गेलात, त्यालाही आता बरेच दिवस झाले. आभार मानायचे राहूनच गेले होते. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण ॲसिडच्या टाकीत उतरणाऱ्या प्रत्येक पोराला तुमचं शिकवणं मिळायला हवं.

हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या टाकीचं रबर लायनिंग, म्हणजे लोखंडाला आतून चिकटवलेला रबराचा थर, नवीन केलं होतं. मला घाई होती, रबरातलं भोक हाय व्होल्टेजच्या ठिणगीने शोधणारा स्पार्क टेस्टर हातात तयार होता. तुम्ही मला मॅनहोलपाशीच अडवलंत. लायनिंग चिकटवायच्या सोल्यूशनची वाफ आत साठलेली असते आणि एका ठिणगीने भडका उडायला तेवढी पुरते. "वास येत नाही म्हणजे गॅस नाही, असं धरू नकोस," म्हणालात. ब्लोअर रात्रभर चालू ठेवला, सकाळी गॅस मीटरवर खात्री केली, बाहेर माणूस उभा केला, मगच टाकीत उतरायच्या परमिटवर सही. साहेब चिडले होते. तुम्ही हटला नाहीत. त्या एका रात्रीसाठी मी तुमचा जन्मभर ऋणी आहे.

आत गेल्यावर आधी रबर कोरडं पुसायला लावलंत, कारण ओल असली की ठिणगी पृष्ठभागावरूनच पळते आणि भोक नसताना भोक दिसतं. मग टेस्टर चालू केला. चांगल्या रबरावर प्रोबच्या, म्हणजे टेस्टरच्या ठिणगी सोडणाऱ्या दांडीच्या, टोकाशी जांभळट, पिंजारलेल्या ठिणग्या नाचत होत्या. नोझलच्या, म्हणजे पाइप जोडायच्या तोंडाच्या, वळणावर, जिथे दोन शीट एकमेकींवर चढतात, तिथे त्या सगळ्या एकदम गोळा झाल्या आणि एकच पांढरी, ताठ रेघ आत ओढली गेली. "बघ, हवेतून 1 मिलिमीटरला साधारण 3 हजार व्होल्ट पुरतात, रबराला त्याच्या कितीतरी पट लागतात. म्हणून ती भोकातून लोखंड गाठते." पिनहोल सुईच्या टोकाएवढं होतं. तेवढ्यातून ॲसिड शिरलं असतं, आतलं स्टील खाल्लं गेलं असतं, हायड्रोजन सुटून रबर फुगलं असतं, आणि बाहेरून काही दिसायच्या आत टाकी गेली असती.

खात्री करायला मी प्रोब तिथेच दाबून धरला, तेव्हा तुम्ही ओरडलात, "हात हलता ठेव!" एकाच जागी ठिणगी धरली की चांगलं रबरही जळून भोक पडतं. टेस्टर बंद करून मगच खडूने गोल काढायचा, पॅच बसला की तिथे पुन्हा फिरवायचा, हेही तेव्हाच शिकलो. पेसमेकर असलेल्या कोणालाही टेस्टर हातात द्यायचा नाही, जवळही उभं राहू द्यायचं नाही, हे तुम्ही प्रत्येक वेळी विचारून घ्यायचात. मीही आता विचारतो.

परवा एका नव्या मुलाने त्याच टाकीत पिनहोल पकडलं. मॅनहोलपाशी तो आधी थांबला आणि गॅस मीटर मागितला. काका, तेव्हा तुमची फार आठवण आली.

तुमचा,
टाकीतला जुना हेल्पर