साडेतीन महिन्यांच्या लशीच्या दिवशी भेटलेल्या सिस्टरना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

आधी वजन सांगते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. लेक आता साडेपाच महिन्यांची झाली आणि परवा अंगणवाडीच्या काट्यावर पावणेसात किलो भरली. तुमच्याकडे आली तेव्हा साडेपाच होती. अंगावर पिते सकाळी, संध्याकाळी आणि रात्री. दुपारी वरचं दूध घेते. शी रोज होत नाही, पण होते तेव्हा त्रास नाही. लंगोट दिवसभरात सहा-सात वेळा ओले होतात. तुम्ही मोजायला सांगितलं होतं, म्हणून मोजते.

लशीची रांग दाराबाहेर गेली होती त्या दिवशी. मी कार्डावर तारीख घालून घेतली आणि हळूच म्हटलं, की दोन आठवड्यांनी कामावर जायचंय, लेकीला पावडरच्या दुधाचा डबा सुरू करावा लागेल. तुमच्या पाठीमागच्या भिंतीवर आईच्या दुधाचं पोस्टर होतं. माझी तयारी बोलणी खायची होती. घरी, शेजारी, फोनवर, सगळीकडे ती खाऊन झालीच होती. ‘आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही’पासून ‘नोकरी काय पळून चाललीय का’पर्यंत.

तुम्ही विचारलंत, “घरातून निघतेस किती वाजता? परत येतेस किती वाजता?”

एवढंच. का, कशासाठी, काही नाही. साडेनऊ ते साडेसहा, मी म्हटलं. “म्हणजे तीन वेळचं,” तुम्ही म्हणालात, “रांग संपू दे, बस जरा.”

तुम्ही विचारलं नाहीत, तरी आज सांगते. मी एका सीएंच्या ऑफिसात हिशोब लिहिते. २०१७ पासून पगारी बाळंतरजा २६ आठवड्यांची झाली हे मला तोंडपाठ आहे, दुसऱ्यांच्या पगारपत्रकात ती मीच धरते. पण तो कायदा दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागतो आणि आम्ही मोजून सहा. साहेबांनी तीन महिने दिले, वर थोडे बिनपगारी, आणि तेही मेहेरबानी म्हणून. दूध काढून ठेवण्याचं तुम्ही आधी सुचवलंत, तेच बरोबर होतं. पण आमच्याकडे दार लागेल अशी एकच जागा आहे, ती म्हणजे संडास. तिथे काढलेलं दूध लेकीला पाजायला मन घेईना. तुम्ही त्यावर वाद घातला नाहीत, “मग फक्त दुपारचं तोडू, बाकीचं अजिबात सोडायचं नाही” म्हणालात. डबा सुरू झाला की अंगावरचं संपलंच, असं मी धरून चालले होते. तसं नसतं, थोडं हे थोडं ते चालतं, हे मला तोवर एकाही माणसाने सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही सासूबाईंना पुढे बोलावलंत. मला नाही, त्यांना! “दुपारी पाजणार तुम्ही, तर शिकायचंही तुम्हीच.” आई आधी जरा फुगूनच बसल्या होत्या. त्यांच्या मते म्हशीच्या दुधात निम्मं पाणी घातलं की झालं, त्यांची दोन्ही मुलं त्यावर वाढली. तुम्ही त्यांच्या मुलांना नावं ठेवली नाहीत. वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध बाळाच्या मूत्रपिंडाला जड जातं, त्यात लोहही पुरेसं नसतं, आणि पाणी घातलं की पोट भरतं पण अंगाला लागत नाही, एवढं सांगितलंत आणि त्यांच्या हातात रिकामा डबा आणि चमचा दिलात.

त्या चमच्यावर तुम्ही जेवढा वेळ घालवलात, तेवढा आमच्या ऑफिसात ऑडिटवर जात नाही. आधी पाणी मोजायचं, मग पूड. उलट केलं की पाणी कमी पडतं आणि दूध दाट होतं. चमचा डब्यातलाच, दुसऱ्या डब्याचा नाही. सुरीच्या पाठीने सपाट करायचा, दाबायचा नाही, शीग तर नाहीच. आमच्या डब्याला ३० मिली पाण्याला एक चमचा. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, चांगलं गरम असतानाच पूड घालायची, कारण डबा सीलबंद असला तरी पूड निर्जंतुक नसते. ७० अंशांच्या वरचं पाणी तिच्यातले जंतू मारतं. मग भांडं गार पाण्यात ठेवून निववायचं आणि मनगटावर थेंब टाकून बघायचं. उरलेलं ओतून द्यायचं. इथे आईंचा चेहरा पडला, ओतून देणं त्यांच्या रक्तात नाही.

पैशांचं तुम्हीच काढलंत. “दिवसाला १२० मिलीच्या तीन खेपा, म्हणजे बारा चमचे. ४०० ग्रॅमचा डबा आठवड्याला संपतो. महिन्याला चार-साडेचार डबे. परवडत नसेल तर आत्ता सांग, दुसरी वाट काढू. पण महिनाअखेरीला पातळ करून देऊ नकोस.” सिस्टर, हिशोब माझा धंदा, पण हा आकडा मी मांडला नव्हता. आमच्या गल्लीतच एक जण बारा चमच्यांच्या जागी नऊ घालते. घालते कारण डबा पुरत नाही, आणि तिला हे आधी कुणी सांगितलं नाही. नुसती बोलणी बसली की बाई गप्प बसून डबा आणते आणि मनाने कालवते. मला वाटतं, पोस्टरपेक्षा तुमच्या त्या हिशोबाने जास्त बाळं वाचत असतील.

बाटली नको, वाटी-चमचा, असं म्हणालात तेव्हा आईंचा रुसवा पळाला. माझ्या नवऱ्याचं लहानपणीचं चांदीचं बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायची चोचीची वाटी, त्यांनी फडक्यात बांधून ठेवलं होतं. पुढच्या वेळी ते तुम्हाला दाखवायलाच घेऊन आल्या. तुम्ही उलटंसुलटं करून पाहिलंत आणि “नक्षीत दूध अडकतं, ते ब्रशने घासा, मग दहा मिनिटं खळखळ उकळा” म्हणालात. आता रोज उकळतात, दहाची पंधरा मिनिटं होतात, आणि कुणी आलं-गेलं की दाखवतात.

पहिल्यांदा पाजताना मला घराबाहेर पाठवायचा तुमचा सल्ला मला निष्ठुर वाटला होता. पण मी समोर असले की लेक माझ्या वासाने पदराकडेच वळायची, चमच्याला तोंड लावेना. शेजारी जाऊन बसले. अर्धं सांडलं, अर्धं गेलं. तीन-चार दिवस तेवढं एकच, मग दुसरं, मग तिसरं, असं करत रजा संपेपर्यंत बसलं.

छातीचं तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलंत, त्याचे वेगळे आभार. दुपारी दोनला ब्लाउज भिजायचा, गाठी ठणकायच्या. शेजारच्या काकू म्हणत होत्या, फडक्याने आवळून बांध. तुम्ही म्हणाला होतात, आवळायचं नाही, ताण उतरेल एवढंच दाबून काढायचं, रिकामं करायचं नाही, नाहीतर शरीर पुन्हा तेवढंच बनवतं. लाल झालं, ताप आला तर लगेच निघून ये. तशी वेळ आली नाही. आठवड्याभरात दुपारचा पान्हा आपोआप कमी झाला, रात्रीचा राहिला.

एक गंमत सांगते. हे सगळं ऐकून मैत्रीण म्हणाली, सरकारी सिस्टर डब्याचं शिकवते, हे चालतं का? मी कायदा काढून बघितला, सवयच आहे. १९९२च्या कायद्याने डब्याची जाहिरात बंद, डब्यावर बाळाचं चित्र बंद, फुकट नमुने बंद. पण त्यातच लिहिलंय की वरचं दूध कसं पाजायचं हे आईला किंवा घरच्यांना दाखवायचं तर ते आरोग्य कर्मचाऱ्यानेच, आणि चुकीच्या वापराचे धोकेही सांगायचे. दुकानदाराने नाही, कंपनीच्या माणसानेही नाही. तर कुणी तुम्हाला विचारलंच, तर हे दाखवा.

पुढच्या महिन्यात नाचणीची पेज आणि मऊ वरणभात सुरू करायचाय. आईंनी नाचणी भिजत घालायची तारीखही ठरवली आहे. गुटीवरून मात्र अजून आमची जुंपते; नऊ महिन्यांच्या गोवराच्या लशीला येऊ तेव्हा तो निवाडा तुमच्याकडेच.

तुमची,
कार्डावर तारीख घालायला आलेली आणि तासभर बसून राहिलेली एक आई