ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये ठेव

नौपाडा, ठाणे

चि. मृण्मयीस, अनेक आशीर्वाद.

कोविडच्या नव्या व्हेरियंटची बातमी आली की तुमच्या वाशीच्या हॉटेलच्या लॉबीत सगळ्यांचे चेहरे उतरणारच. २०२० च्या मार्चमध्ये बंद झालेली रेस्टॉरंटं बसून जेवायला उघडली ती थेट ५ ऑक्टोबरला, तीही निम्म्या क्षमतेने. तेव्हापासून तुम्हा लोकांच्या पोटात आजाराचा आणि पगाराचा गोळा एकदमच येतो. उपाय मात्र वेगवेगळे करावे लागतात.

आधी ऑक्सिमीटर. शिफ्टमध्ये सारखं बोट घालून बघणं बंद कर. एसीत बोटं गार पडलेली, वर गडद नेलपॉलिश. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा उगाच कमी येतो आणि धडधड वाढते. बघायचंच तर पॉलिश काढून, हात चोळून, पाच मिनिटं शांत बसून. तरी ९४ च्या खाली राहिला तर डॉक्टर गाठ. घाबरून श्वास भराभर चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. त्याने बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. हा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरतो. ताप त्याने येत नाही. चार मोजत नाकाने श्वास घे, सहा मोजत सोड, असं पाच मिनिटं.

हाउसकीपिंगच्या मुलांना सांग, हायपो, म्हणजे जंतुनाशक सोडियम हायपोक्लोराइट, एक टक्क्याचं पुरे. डब्यावर पाच टक्के लिहिलं असेल तर एक भाग हायपो, चार भाग पाणी, रोज ताजं. टॉयलेटच्या ॲसिडवाल्या क्लीनरमध्ये ते कधीही मिसळायचं नाही. क्लोरीन वायू सुटतो, खोकल्याची उबळ येते, छाती आवळते, आणि पोराला वाटतं कोविडच झाला. हा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो, तेव्हा दाराच्या मुठी दिवसभर पुसत बसण्यापेक्षा चेकआउटनंतर खिडकी उघडून एक्झॉस्ट लावलेला बरा.

आता पगार. घरखर्च सर्व्हिस चार्जचा वाटा न धरता बसव; धंदा बसला की पहिला तोच जातो. स्लिपवर ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, ०.७५ टक्के कपात आहे का बघ. असेल, आणि वर्गणीच्या काळात ७८ दिवस भरलेले असतील, तर ईएसआयच्या डॉक्टरच्या दाखल्यावर वर्षात ९१ दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. मग ताप लपवून ड्यूटीवर कशाला यायचं?

दोन आठवडे झोप लागली नाही तर टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ लाव. चोवीस तास, फुकट, मराठीत. ब्रेक शिफ्टवाल्यांना दुपारचा मधला वेळ बरा. घरच्या गर्दीत असलं बोलणं होत नाही.

मागच्या तीन स्लिपा पाठव, कपात मी तपासते.

तुझी,
आई