आधी तीस दिवसांचं सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला आयकर आकारणीवरचा लेख वाचला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. आयकर खात्याने केलेली कराची आकारणी पटत नसेल तर सरळ आयकर अपील न्यायाधिकरणाकडे दाद मागा, असं लेखकाने ठळक चौकटीत सांगितलं आहे. त्याआधी चढायची पायरी कुठेच नाही, मुदतीचा उल्लेख नाही. ह्याच दोन गोष्टी आम्हाला वेळेवर कुणी सांगितल्या नाहीत, म्हणून माझ्या यजमानांची दोन वर्षं गेली. वय वर्षं बहात्तर.

आपल्यासारख्या पेन्शनरांच्या प्रकरणात आकारणी अधिकाऱ्याचा आदेश न्यायाधिकरण थेट हातात घेत नाही. आधी आयुक्त (अपील), म्हणजे पहिलं अपील ऐकणारे आयकर खात्यातले अधिकारी, यांच्याकडे जावं लागतं, फॉर्म ३५ भरून, तोही ऑनलाइन, आणि मागणीची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत. त्यांनी निकाल दिला की त्या निकालावर न्यायाधिकरण. मधली पायरी गाळलीत तर तुमचं म्हणणं खरं की खोटं हे तिथे बघितलंच जात नाही, कारण बघण्याचा अधिकारच तिथे पोचलेला नसतो. विवरणपत्रात स्वतः दाखवलेल्या उत्पन्नावरचा कर भरलेला नसेल तर पहिलं अपीलसुद्धा दाखल करून घेत नाहीत. एवढं चार ओळींत मावतं. लेखाला पाऊण पान दिलं होतं.

आमची हकिकत अशी. वाईचा सासऱ्यांचा वाडा ४८ लाखांना विकला. हे, दोन दीर आणि एक नणंद, चौघांचे समान वाटे, खरेदीखतावर चौघांच्या सह्या. चेक मात्र एकच निघाला, ह्यांच्या नावाचा. ह्यांनी आठवड्याभरात प्रत्येकाला १२ लाख पाठवले आणि विवरणपत्रात स्वतःचा वाटा दाखवला. मार्चअखेरीस आदेश आला. सगळे ४८ लाख ह्यांचेच धरलेले, मागणी व्याजासकट साडेसात लाखांच्या घरात.

करसल्लागार म्हणाले, "काका, काळजी नको, दुरुस्तीचा अर्ज टाकू." आयकर कायद्याच्या कलम १५४चा तो अर्ज त्यांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टाकला. आम्ही निर्धास्त झालो. पण दुरुस्ती होते ती रेकॉर्डवरून उघड दिसणाऱ्या चुकीची, म्हणजे बेरीज चुकली, टीडीएस धरायचा राहिला, अशा गोष्टींची. वाड्यात चौघांचा हिस्सा आहे की एकाचा, हा वादाचा मुद्दा. तो अपिलातच मांडावा लागतो. दुरुस्तीचा अर्ज केल्याने अपिलाची मुदत थांबत नाही, हे आम्हाला सप्टेंबरात कळलं, अर्ज फेटाळला गेला तेव्हा.

त्या वर्षीचं कालनिर्णय मी जपून ठेवलं आहे. नोटीस मिळाली २४ मार्चला, म्हणजे शेवटचा दिवस २३ एप्रिल. त्या चौकोनात माझ्या हाताने दुधाचा खाडा मांडलेला आहे, बाकी काही नाही. घरात दोघं शिकलेली माणसं, मी अठ्ठावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आणि आमच्या हातून सगळ्यात महत्त्वाची तारीख अशी निघून गेली. ते पान बघितलं की अजून पोटात कालवतं.

मधल्या काळात, ऑगस्टमध्ये, पेन्शनच्या खात्यावर टाच आली. ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला मी पैसे काढायला गेले आणि मशीनने नकार दिला. वादातल्या रकमेच्या २० टक्के भरले तर पहिल्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत उरलेल्या वसुलीला स्थगिती मागता येते, ही सोय २०१७ पासून आहे. पण अपीलच दाखल नसेल तर स्थगिती कशाच्या आधारावर मागणार? ३० दिवसांनंतर महिन्याला एक टक्का व्याज चढत राहतं ते वेगळंच.

ऑक्टोबरात अपील केलं, पाच महिन्यांवर उशिरा. कारण पुरेसं नाही म्हणून ते वर्षभराने निकाली निघालं. चौघांच्या सह्यांच्या खरेदीखताबद्दल निकालात एक शब्दही नव्हता. मग मात्र आम्ही त्या निकालावर न्यायाधिकरणात गेलो, आणि ह्या वेळी मुदतीत. पुण्यातच खंडपीठ आहे, मुंबईला जावं लागत नाही. तिथल्या सदस्यांनी एकच विचारलं, दुरुस्तीचा अर्ज कोणत्या तारखेचा? ह्यांनी निळ्या फाइलमधून पोचपावती काढून दिली, हात थरथरत होता. चुकीच्या दारात का होईना, माणूस मुदतीच्या आत गेला होता, हे त्यांनी मानलं. विलंब माफ झाला आणि मूळ मुद्द्यावर सुनावणी घ्या म्हणून प्रकरण पुन्हा पहिल्या अपिलाकडे गेलं. तारखेची वाट बघतोय.

न्यायाधिकरणाविषयी माझ्या मनात आदरच आहे. १९४१ पासूनची संस्था, कायदा मंत्रालयाच्या अखत्यारीतली, म्हणजे कर वसूल करणाऱ्या अर्थ मंत्रालयापासून वेगळी. काय घडलं ह्याबाबत तिथला शब्द जवळपास शेवटचा असतो, पुढे उच्च न्यायालय कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच ऐकतं. एवढ्या मोलाच्या ठिकाणी वाचक चुकीच्या वाटेने आणि उशिरा पोचू नयेत, एवढीच तळमळ आहे. तुमचा अंक आमच्या इमारतीत चौदा घरी येतो आणि बहुतेक घरांत म्हातारी माणसं आहेत. छापून आलं की ती खरं मानतात.

तेव्हा खुलासा छापा, आणि तो आतल्या पानावर कोपऱ्यात नको. पुरवणीच्या पहिल्या पानावर, तेवढ्याच आकाराच्या चौकटीत हवा. सध्या आदेश हातात घेऊन बसलेल्या कुणाचे तरी तीस दिवस चालू असतील. येत्या रविवारपर्यंत त्यातले सात कमी झालेले असतील, म्हणून शक्य तर उद्याच्याच अंकात घ्या.

आणखी एक. पुरवणीतले तक्ते फिकट करड्या शाईत छापू नका. यजमान भिंग घेऊन बसतात तरी आकडा तीनचा की आठचा ते कळत नाही. करांचे दर असे वाचायला लावणं बरं नाही.

कळावे,
आपली नियमित वाचक,
कर्वेनगर, पुणे
(नाव छापू नये ही विनंती.)